आधी घरात सांगा

भूम तालुक्यातल्या आमच्या घरात आज एकही हप्ता थकलेला नाही. रात्री दारात मोटारसायकल थांबली तरी छातीत धडधडत नाही. हे ज्यांच्यामुळे झालं ते सर धाराशिवच्या आर्थिक साक्षरता केंद्रात समुपदेशक होते. बँकेतून निवृत्त झालेले, खांद्याला कापडी पिशवी, बोलणं हळू आणि मोजकं. त्यांनी आम्हाला पैसे दिले नाहीत, कर्ज माफ करून आणलं नाही, तसं आश्वासनही कधी दिलं नाही. तरी माझ्या आयुष्यात मी ज्यांचं देणं लागते त्यांत आई-वडिलांनंतर त्यांचंच नाव येतं. ते नाव छापलेलं त्यांना आवडणार नाही, म्हणून इथं फक्त सर म्हणते.

आमच्या भागात खव्याचा धंदा जुना आहे. कुंथलगिरीचा खवा दूरवर जातो. म्हशीचं पाच लिटर दूध आटवलं की साधारण किलोभर खवा निघतो. भट्टीपुढं उभं राहून दूध सारखं हलवावं लागतं, हात थांबला की तळाला लागतं. बँकेचं कर्ज काढून आम्ही दोन म्हशी घेतल्या तेव्हा हिशोब सरळ वाटत होता. दूध, खवा, सोयाबीन आणि चार शेळ्या एवढ्यावर घर चालेल आणि हप्ताही निघेल, असं आमच्या मालकांचं म्हणणं होतं आणि मलाही ते पटलं होतं.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली. मिठाईची दुकानं बंद, लग्नं बंद, खवा घ्यायला कोणी नाही. म्हशीला मात्र पेंड रोज लागते. रिझर्व्ह बँकेनं मार्च ते ऑगस्ट 2020 या काळात हप्ते पुढं ढकलायची सवलत दिली होती. गावात बातमी आली ती 'हप्ते माफ झाले' अशी. मीही तेच धरून बसले. हप्ता थांबला तरी व्याज चालूच असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं. बारावी शिकलेली असून कर्जाचा कागद मी कधी शेवटपर्यंत वाचला नव्हता. सही कुठं करायची तेवढं पाहायचे.

मग जे बहुतेक घरांत होतं तेच आमच्या घरात झालं. बँकेचा हप्ता भरायला एका फायनान्सच्या गटातून उचल केली. त्या गटाचा हप्ता भरायला दुसऱ्या गटातून. तिसऱ्या वेळी माझ्या नावावर मिळेना, म्हणून जावेच्या नावावर उचललं. तिला विनवलं आणि मालकांना कळू दिलं नाही. माझी पोत तारण ठेवली होतीच. मोबाईल हप्त्यावर होता, कारण लेकराची शाळा मोबाईलवर आली होती. एकाची टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर घालत आमचं वर्ष गेलं. या सगळ्याची बेरीज किती होते ते घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. मी मनात दोन लाख धरत होते.

2021 साली ग्रामपंचायतीतल्या शिबिराला गेले, ते बचत गटाच्या अध्यक्षताईंनी हजेरी लागते असं सांगितलं म्हणून. सरांना मी तिथं पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी खाती, विमा, एटीएमची पिन यांविषयी सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "ज्यांना हप्ते झेपत नाहीत त्यांनी लाजू नका. केंद्रात या. पैसे लागत नाहीत आणि ऐकलेलं बाहेर जात नाही." बाया उठून गेल्या. मी चप्पल शोधत रेंगाळले. त्यांनी ओळखलं असावं. जवळ येऊन त्यांनी एकच प्रश्न विचारला, "ताई, घरात कोणाला माहीत आहे?"

मी मान हलवून नाही म्हटलं. किती कर्ज आहे, कोणाचं आहे, हे त्यांनी तेव्हा विचारलंच नाही. म्हणाले, "आधी घरात सांगा. मग मालकांना घेऊन या. नाही जमलं तर मी घरी येतो."

मला घरी सांगायला जमलं नाही. शेवटी सरच आले. अंगणात सतरंजीवर मालक, मी, आत्याबाई आणि जाऊ असे बसलो. सरांनी लेकराची वही मागून घेतली आणि आडव्या पानावर रकाने आखले: कोणाकडून, कधी, किती, व्याज काय, तारण काय, जामीन कोण, किती थकलं. एकेक नाव सांगता सांगता जावेच्या नावावरचे 30,000 सांगायची वेळ आली. मी सांगितले. मालक खाली बघत राहिले, आणि थोड्या वेळानं त्यांनी त्यांचं सांगितलं. खाजगी माणसाकडून घेतलेले 50,000 मला माहीत होते, पण 'तीन रुपये शेकडा' म्हणून. ते होते पाच रुपये शेकड्यानं, आणि त्यापोटी कोरा चेक सही करून दिलेला होता. त्या दिवशी आम्ही दोघं एकमेकांवर चिडलो नाही, कारण सर मध्ये बसून शांतपणे आकडे लिहीत होते. लपवलेला आकडा आणि सांगितलेला आकडा त्यांच्या वहीत एकाच ओळीत, एकाच अक्षरात उतरला.

बेरीज झाली 3,50,000. बँक 1,40,000, दोन गट 35,000 आणि 28,000, जावेच्या नावावरचे 30,000, सोनं तारण 40,000, खाजगी 50,000, माझ्या भावाचे हातउसने 20,000, मोबाईलचे 7,000. महिन्याला जायला हवे होते 16,850. सरांनी मग मिळकत विचारली आणि ती वर्षाची धरू दिली नाही. महिनावार मांडायला लावली: सोयाबीनचे पैसे दिवाळीला, खव्याचे लग्नसराईत, शेळीचे बकरी ईदच्या आधी, दुधाचे रोजचे. सरासरी निघाली महिना 18,000. आत्याबाई इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "आधी लेकरांच्या तोंडाचं लिवा, मग सावकाराचं." सरांनी मान डोलावली. म्हणाले, "आजी बरोबर बोलल्या. आमच्या कामाचा नियमच हा आहे. किराणा, औषध, शाळा, म्हशीची पेंड हे आधी बाजूला काढायचं. उरेल त्यातून देणं." घर चालवून उरत होते फार तर 9,000.

पुढं एप्रिल 2022 पासून रिझर्व्ह बँकेनं सूक्ष्मकर्जाचा नियम केला. वर्षाला 3 लाखांपर्यंत मिळकत असलेल्या घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. तो नियम वाचला तेव्हा मला अंगणातलं ते पान आठवलं. 18,000 चे निम्मे 9,000. आमच्या आत्याबाईंनी तोंडाचं आधी काढून जिथं रेघ मारली, नियमाची रेघही तिथंच पडली होती.

अंगणात बसलो त्याच दिवशी सरांनी व्याजही शिकवलं. पाच रुपये शेकडा म्हणजे महिन्याला 100 मागं 5, वर्षाला 60 टक्के. 50,000 वर महिन्याला 2,500, वर्षाला 30,000, आणि मुद्दल जागच्या जागी. आम्ही दोन वर्षांत मुद्दलापेक्षा जास्त व्याज देऊन बसलो होतो. एजंट 'बाराच टक्के' म्हणतो तेव्हा काय होतं तेही त्यांनी दाखवलं. 30,000 घेतले आणि वर्षाचं सरळ व्याज 3,600 धरून 2,800 चे बारा हप्ते केले, तर प्रत्येक हप्त्यासोबत मुद्दल कमी होत जातं, पण व्याज पूर्ण 30,000 वरच लागलेलं असतं. खरा दर 21-22 टक्क्यांच्या घरात जातो. माझ्यासाठी ती शाळा होती. मी लेकराच्या पेन्सिलीनं ते गणित पुन्हा करून पाहिलं.

नंतर त्यांनी क्रम लावला. सगळ्यांना थोडं थोडं देत बसायचं नाही, आणि नवं कर्ज काढून जुनं भरायचं नाही, या दोन गोष्टींवर त्यांनी मालकांकडून शब्द घेतला. सगळ्यात महाग आणि सगळ्यात धोक्याचं कर्ज आधी: तो खाजगी माणूस. त्याच्याबाबत दोन वाटा आहेत, म्हणाले. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 प्रमाणे परवाना नसताना सावकारी करणं गुन्हा आहे, 5 वर्षांपर्यंत कैद किंवा 50,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. परवानाधारक सावकारालासुद्धा शेतकऱ्याला तारणावर वर्षाला 9 टक्के आणि विनातारण 12 टक्क्यांवर व्याज लावता येत नाही. तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे तक्रार करता येते. दुसरी वाट म्हणजे समोर बसून मुद्दलात मिटवणं, पण चेक परत घेऊन आणि पावती लिहून घेऊन. "मी दोन्ही सांगितल्या. ठरवायचं तुम्ही. गावात राहायचं तुम्हाला आहे." आम्ही दुसरी निवडली. तारणातली पोत सोडवून विकली. 75,000 आले, त्यातले 40,000 तारणाला गेले, उरलेल्या 35,000 मध्ये दोन शेळ्यांचे 15,000 घातले. त्या माणसानं कायद्याचं नाव ऐकल्यावर थकलेलं व्याज सोडलं आणि मुद्दल घेऊन चेक परत दिला. मालकांनी तो चेक अंगणात फाडला. पोत गेल्याचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण महिन्याचे तीन हजार त्या दिवसापासून वाचले.

बँकेच्या कर्जासाठी सरांनी अर्ज मला लिहायला लावला. स्वतः लिहिला नाही. "तुमच्या हातचा अर्ज पाहिजे. काय झालं, आता किती भरू शकता, कधीपासून, एवढं लिहा. रडगाणं नको, खोटं नको." बँकेनं मुदत वाढवून दिली आणि हप्ता 4,600 वरून 2,900 वर आला. गटांचे हप्ते जसे होते तसे चालू ठेवले, भावानं थांबायचं कबूल केलं. मोबाईल पाच महिन्यांत फिटला. पहिलं वर्ष फार ओढाताणीचं गेलं. मालक दिवसा मजुरीला गेले, खवा करायचं सोडून आम्ही दूध डेअरीला घालू लागलो, सणाला नवं कापड नाही. वर्षाच्या शेवटी एकामागून एक गट संपत गेले. जावेच्या नावावरचं फिटलं त्या दिवशी तिच्या हातात दाखला दिला.

पुढं बचत गटांच्या 'उमेद' अभियानात वित्तीय साक्षरतेचं काम करणाऱ्या सखी निवडायच्या होत्या. मला नको होतं. जिच्या घराची अशी गत झाली ती दुसऱ्यांना काय शिकवणार, असं वाटे. सर म्हणाले, "तुम्ही पान आखायला शिकलात. तेवढं पुरे आहे. बाकी कागदात आहे." त्यांच्या शब्दावर मी हे काम धरलं. आजही सकाळी पहिल्या घरात शिरताना त्यांच्या शब्दाचाच आधार असतो.

काम करू लागल्यावर सर किती विचारानं वागत होते ते कळलं. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी 2009 मध्ये आर्थिक साक्षरता आणि पतसमुपदेशन केंद्रांची योजना आणली, तेव्हाच सांगितलं होतं की केंद्र बँकेपासून हातभर अंतरावर असावं. समुपदेशकानं बँकेची योजना विकायची नाही आणि वसुली करायची नाही. 2012 मध्ये ग्रामीण शाखांना दर महिन्याला किमान एक शिबिर घ्यायला सांगितलं गेलं. मी ज्या शिबिराला हजेरीसाठी गेले होते, तशी शिबिरं त्या धोरणातूनच गावोगाव पोचली होती. सरांनी वर्षानुवर्षं बँकेत नोकरी केली होती, तरी आमच्या अंगणात बसताना ते बँकेचे नव्हते आणि आमचेही नव्हते. ते आकड्यांच्या बाजूनं होते. म्हणून दोन्हीकडच्यांनी त्यांचं ऐकलं.

एकदा मी त्यांना विचारलं, हे काम कधी सुरू झालं. त्यांनी 1875 सालची गोष्ट सांगितली. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली ती खतं आणि रोखे जाळायला. त्यानंतर 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला, पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना. त्यात शेतकरी आणि सावकाराला समोरासमोर बसवून तडजोड घडवणारे मध्यस्थ नेमायची सोय होती. "आपला भाग निजामाच्या राज्यात. बार्शीच्या बाजाराला जाणाऱ्या आपल्या माणसाला तिथं त्या कायद्याचा आधार दिसायचा, घरी परतला की नसायचा," सर म्हणाले. आमच्या आजोबा-पणजोबांनी अशा मध्यस्थाशिवाय दिवस काढले, हे ऐकून मला माझं नशीब मोठं वाटलं.

आजही कायद्यात मोठी पोकळी आहे. इंग्लंडमध्ये मे 2021 पासून कर्जात बुडालेल्या माणसाला सल्लागारामार्फत 60 दिवसांची उसंत मिळते, त्या काळात वसुली आणि बहुतेक व्याज थांबतं. आपल्याकडे 2016 च्या दिवाळखोरी संहितेत गरीब कर्जदाराला नव्यानं सुरुवात करू देणारं प्रकरण लिहिलेलं आहे, पण ते लागू झालेलं नाही. खेड्यातल्या माणसासाठी अजून 1920 चा प्रांतिक नादारी कायदाच आहे. म्हणून जे हाताशी आहे ते नीट वापरायला शिकवणं, एवढंच आमच्या हातात राहतं. लोकअदालतीत कोर्ट फी नाही आणि तिथला निवाडा अंतिम असतो. बायकांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. सूक्ष्मकर्जाच्या वसुलीसाठी सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर फोन करता येत नाही. बँकेनं किंवा फायनान्सनं तक्रार 30 दिवसांत सोडवली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याच्या माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. तडजोडीत रक्कम सोडली गेली तर पतअहवालात तशी नोंद राहते आणि पुढं कर्ज मिळायला जड जातं, हे आधी सांगावं लागतं. हा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. तो काढल्यावर कित्येक बायांना कळतं की आपल्या नावावर आपल्याला माहीत नसलेलं कर्ज आहे, किंवा मालक कोणाला तरी जामीन राहिले आहेत.

आमच्या जिल्ह्यात हे काम नुसतं पैशांचं नाही. शेतकरी आत्महत्यांमुळे 2015 मध्ये सरकारनं बळीराजा चेतना अभियान सुरू केलं ते यवतमाळ आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, या दोनच जिल्ह्यांत. सरांची एक सवय मी त्या दृष्टीनं पुढं समजून घेतली. कोणी कर्जाबद्दल बोलताना एकदम गप्प झालं की ते आकडे बाजूला ठेवत, झोप लागते का, जेवता का, हे विचारत, आणि गरज वाटली तर स्वतः दवाखान्यात सोबत जात. मी आज मनाच्या त्रासात मदत करणाऱ्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर लिहून देते. कर्जाच्या यादीच्याही आधी.

समुपदेशनानं पाऊस पडत नाही. सोयाबीनला भाव मिळत नाही. काही घरांचं देणं मिळकतीच्या इतकं पुढं गेलेलं असतं की पान कितीदा आखलं तरी जमत नाही, तिथं लोकअदालत किंवा जमिनीचा तुकडा विकणं एवढंच उरतं. अशा घरातून परत येताना मी सरांना फोन करते. ते आता बार्शीला मुलीकडे असतात. सल्ला देण्याआधी ते विचारतात, "सगळे बसले होते का?" पुष्कळदा कोणीतरी बसलेलं नसतं. मी पुन्हा जाते, त्या माणसाला बोलावते, आणि बऱ्याच वेळा वाट तिथूनच निघते.

जिल्ह्याच्या प्रत्येक तालुक्याला असा पूर्णवेळ माणूस हवा, जो कोणाचा एजंट नाही आणि ज्याला गावात यायला वेळ आहे. ते होईपर्यंत एक गोष्ट कोणालाही करता येते. शेजारी कर्जानं गांजलेलं घर असेल, आणि ते आपल्याकडे हातउसने मागायला आलं, तर पैसे काढण्याआधी त्यांच्या घरी जाऊन बसा. घरातल्या सगळ्यांना बोलवा, वही मागा, रकाने आखा, आणि मग त्यांना घेऊन केंद्रात जा. सरांनी आमच्यासाठी एवढंच केलं होतं. त्यावर आमचं घर उभं आहे.